शेजारच्या यादवीत आपण कुणाशी बोलायचं?

वर्ध्याहून नागपुरात येऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलानं विचारलं आहे: "म्यानमारमध्ये लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथवलं आणि तेव्हापासून तिथं यादवी पेटली आहे. भारत स्वतःला मोठी सत्ता म्हणवतो. मग लष्कराशी संबंध तोडून लोकशाहीवाल्यांच्या सरकारला सरळ मान्यता का देत नाही? दर वेळी 'चिंता वाटते' म्हणून मोकळं व्हायचं, याला काय परराष्ट्र धोरण म्हणतात?"

प्रश्न रागातून आला आहे आणि राग रास्त आहे. माझी नोकरी परराष्ट्र खात्यात गेली, त्यातली काही वर्षं अशा शहरांत जिथं सकाळी आधी कोणता रस्ता चालू आहे ते बघावं लागे. आता निवृत्त होऊन नागपुरात असतो. खात्याची वकिली करायचं बंधन माझ्यावर नाही, आणि एका मुद्द्यावर मला सरकारचं वागणं पटतही नाही. ते पुढे येईल.

आधी प्रश्नाची गाठ सोडवू. तुम्ही एकात दोन प्रश्न विचारले आहेत. न्याय कुणाच्या बाजूला आहे, हा पहिला. म्यानमारपुरतं त्याचं उत्तर अवघड नाही. नोव्हेंबर २०२० ची निवडणूक आंग सान सू की यांच्या पक्षानं जिंकली, १ फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं सत्ता बळकावली आणि त्यांना कैदेत टाकलं. दुसरा प्रश्न असा की आपण अमुक केलं तर तिथल्या लढाईत काय बदलेल, आणि त्याची किंमत कोण मोजेल? परराष्ट्र खात्याचं काम या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतं. पहिल्याचं उत्तर सापडलं की दुसऱ्याचं आपोआप मिळतं असं वाटतं, तिथंच भल्याभल्यांची फसगत झाली आहे.

सगळ्या यादवींना एकच माप लावता येत नाही, हेही आताच सांगतो. सुदानमधल्या लढाईत आपली सीमा नाही, आपली माणसं आहेत. म्यानमारशी आपली १,६४३ किलोमीटरची सीमा आहे आणि पलीकडच्या गावांत आपल्याच लोकांचे सोयरे राहतात. सीमा आहे की नाही, आपली किती माणसं अडकली आहेत, दोन्ही बाजूंना शस्त्रं कोण पुरवतंय आणि त्या पुरवठादारावर आपलं काही चालतं का, या चार गोष्टींवर बाकी बरंचसं ठरतं.

पहिल्या आठवड्यात तर धोरण वगैरे काही नसतं. यादी असते. दूतावासात नोंदणी केलेल्या भारतीयांची यादी आणि प्रत्यक्षात असलेल्या भारतीयांचा आकडा कधीच जुळत नाही. कारखान्यातल्या मजुराचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात, आणि मालक पळून गेलेला. मग फोटो चिकटवून, शिक्का मारून इमर्जन्सी सर्टिफिकेट द्यायचं, म्हणजे निदान पुढच्या देशात उतरता येतं. बस मिळते, पण डिझेल मिळत नाही. डिझेल मिळालं तर ड्रायव्हर विचारतो, वाटेतल्या नाक्यांवर कुणाची पोरं उभी आहेत? तो ज्या जमातीचा आहे त्या जमातीला तिसऱ्या नाक्यावर उतरवून घेतात, हे त्याला ठाऊक असतं, आपल्याला नसतं. अशा वेळी त्या नाक्यावरच्या कमांडरचा फोन नंबर ज्याच्याकडे आहे तो कारकून राजदूतापेक्षा कामाचा ठरतो.

येमेनमध्ये मार्च-एप्रिल २०१५ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. राजधानी साना हुथी बंडखोरांच्या ताब्यात, आकाश सौदी विमानांच्या ताब्यात. विमान उतरवायचं तर खालच्याची संमती लागणार आणि वरच्याकडून ठराविक तासांची मोकळीक. हुथींच्या सरकारला भारतानं मान्यता दिलेली नव्हती. तरीही साडेचार हजारांहून अधिक भारतीय आणि ४१ देशांचे नऊशेहून अधिक नागरिक बाहेर आले. खुद्द सौदी अरेबियाशी संबंध चांगले होते म्हणून वरचं जमलं, आणि साना सोडून पळालो नव्हतो म्हणून खालचं. २०२३ मध्ये सुदानच्या राजधानीतून, खार्टूममधून, माणसं काढताना पोर्ट सुदानपर्यंतचा शेकडो किलोमीटरचा रस्ता दोन भांडणाऱ्या सेनापतींच्या नाक्यांतून जात होता. त्यातल्या एकाला आपण जाहीरपणे शिव्या घातल्या असत्या, तर त्या बसेसचं काय झालं असतं?

आता मान्यतेकडे येतो, कारण तुमचा सगळा भर तिच्यावर आहे.

तुम्ही शेतकरी घरातले असाल तर सातबारा आणि वहिवाट यांतला फरक तुम्हाला सांगायला नको. सातबाऱ्यावर नाव एकाचं, नांगर दुसऱ्याचा. बांधावरून वाट हवी असेल तर नांगर धरणाऱ्याशी बोलावंच लागतं, आणि तसं बोलल्यानं सातबारा त्याच्या नावावर होत नाही. देशांच्या मान्यतेचंही असंच आहे. कुणाशी बोलणं म्हणजे त्याला मान्यता देणं नव्हे. आणि मान्यता ही एकदाच खर्च करता येणारी गोष्ट आहे. दिली की परत घेताना तोंडघशी पडावं लागतं.

सीरिया बघा. २०१२ च्या अखेरीस फ्रान्स, मग अमेरिका आणि इतर अनेक देशांनी परदेशात जमलेल्या विरोधकांच्या आघाडीला सीरियन जनतेचे खरे प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. अध्यक्ष असाद जाणार, आज नाही तर उद्या, असा सगळ्यांचा हिशेब होता. असाद गेले ८ डिसेंबर २०२४ ला. बारा वर्षांनी. आणि त्यांना घालवणारे ती आघाडी नव्हतेच. इदलिबमधून निघालेली, संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवादी यादीत असलेली संघटना दमास्कसमध्ये शिरली. मधल्या काळात ज्यांनी दूतावास बंद केले त्यांना आतली खबर दुसऱ्यांकडून घ्यावी लागली. भारताचा दमास्कसचा दूतावास चालू राहिला. त्याबद्दल आपल्याला बोलणी खावी लागली, पण असाद पडल्यावर दोन दिवसांत ७५ भारतीयांना तिथून काढायला तोच दूतावास होता.

मोठ्या सत्तेनं परक्या यादवीत थांबावं कसं, याचं एक उदाहरण आपल्या विदर्भाच्या इतिहासाला चिकटलेलं आहे, म्हणून थोडं रेंगाळतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांचा हिशेब साधा होता: इंग्लंडच्या गिरण्या आमच्या कापसावर चालतात, कापूस थांबला की लंडन धावत येऊन आम्हाला मान्यता देईल. कापूस थांबला. लँकेशायरमध्ये कामगारांची उपासमार झाली. इकडे वऱ्हाड आणि हिंगणघाटच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, रेल्वे नागपूरपर्यंत पोचली नव्हती (ती आली १८६७ मध्ये), तरी बैलगाड्यांच्या रांगा पश्चिमेकडे निघाल्या. म्हणजे बंडखोरांनी ज्या गरजेवर डाव लावला ती गरज इंग्लंडनं हिंदुस्थान, इजिप्तमधून थोडीफार भागवली.

पण मोह पडलाच नव्हता असं नाही. ऑक्टोबर १८६२ मध्ये अर्थमंत्री ग्लॅडस्टन न्यूकॅसलच्या भाषणात बोलून गेले की दक्षिणेच्या नेत्यांनी एक राष्ट्र उभं केलं आहे. लोकांना वाटलं, मान्यता आलीच. पुढच्या महिन्यात मंत्रिमंडळानं मध्यस्थीचा विचार बाजूला ठेवला. तोवर रणांगणावर दक्षिणेची आगेकूच अडली होती, आणि लिंकननी गुलामांच्या मुक्तीची घोषणा केल्यानं उत्तरेविरुद्ध उभं राहणं इंग्रज जनतेला पचलं नसतं. इंग्लंडनं लढणारा पक्ष म्हणून दक्षिणेचं अस्तित्व कबूल केलं, देश म्हणून नाही. युद्ध १८६५ मध्ये संपलं तेव्हा तो निर्णय किती शहाणपणाचा होता ते कळलं. एक ढिलाई मात्र महागात पडली. दक्षिणेसाठी बर्कनहेडच्या गोदीत बांधलेलं 'अलाबामा' जहाज सरकारनं वेळेत अडवलं नाही, त्यानं उत्तरेची व्यापारी जहाजं बुडवली, आणि १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादानं इंग्लंडला १ कोटी ५५ लाख डॉलर भरायला लावले. तटस्थ म्हणवणाऱ्यानं आपल्या बंदरातून काय बाहेर जातंय ते बघायला हवं. हे वाक्य लक्षात ठेवा, म्यानमारच्या वेळी लागेल.

मान्यता नाही तर मग सैन्य पाठवून शांतता आणा, असंही बरेच जण सुचवतात. त्यांना मी श्रीलंकेची आठवण देतो. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांवर हल्ले झाले तेव्हा इंदिरा गांधींनी परराष्ट्रमंत्री नरसिंह रावांना तातडीनं तिकडे पाठवलं. हेच राव पुढे आपल्या रामटेकमधून दोनदा लोकसभेत गेले. आमच्या पिढीतल्या नागपूरकरांना त्यांचं अस्खलित मराठी आठवत असेल. त्या सुमारास आपली भूमिका दुहेरी होती: एकीकडे कोलंबोत मध्यस्थी, दुसरीकडे तमिळ गटांना भारतात प्रशिक्षण आणि शस्त्रं. दोन्ही एकत्र काही काळ चाललंसुद्धा, कारण दबाव असल्याशिवाय कोलंबो हलत नव्हतं.

खरी गडबड २९ जुलै १९८७ च्या करारात झाली. सह्या कुणाच्या? राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्या. बंदुका कुणाच्या हातात? 'तमिळ वाघ' म्हणवणाऱ्या एलटीटीईच्या प्रभाकरनच्या. त्याची सही कागदावर नव्हती. आणि करारात लिहिलं होतं की यातल्या तरतुदींची हमी भारत सरकार घेतं. म्हणजे ज्यानं शब्दच दिला नाही त्याच्या शब्दाला आपण जामीन राहिलो. दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदना घेताना श्रीलंकेच्या एका नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. सिंहली बाजूलाही हा करार किती पचला होता त्याचा अंदाज तिथंच यायला हवा होता. ऑक्टोबरपासून आपली शांतिसेना वाघांशीच लढत होती. सुमारे १,२०० जवान गेले. पुढचे अध्यक्ष प्रेमदासा यांनी तर सैन्य परत न्या असं उघड सांगितलं, आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी निघाली. मे १९९१ मध्ये श्रीपेरुंबुदूरला काय घडलं ते तुम्हाला माहीत आहे.

त्या करारातून श्रीलंकेची तेरावी घटनादुरुस्ती आली, प्रांतिक परिषदा आल्या, आणि आजही तमिळांच्या हक्काची बोलणी त्याच पायावर होतात. म्हणून करार टाकाऊ होता असं मी म्हणणार नाही. पुरवठादार, मध्यस्थ आणि जामीन ही तीन कामं एकाच देशानं एकाच वेळी अंगावर घेतली, तिथं तो फसला.

आता म्यानमार. इथं आधी नकाशा समोर घ्या.

१९५६ मध्ये दीक्षाभूमीवर बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे चंद्रमणी महास्थविर अराकानचे होते. त्या अराकानला आता राखाईन म्हणतात. तिथल्या सितवे शहरात भारतानं बंदर बांधलं, कोलकात्याहून जहाजानं सितवे, तिथून कलादान नदीनं पलेत्वा आणि पुढे रस्त्यानं मिझोराम, असा तो प्रकल्प. करार २००८ चा, बंदराचं उद्‌घाटन मे २०२३ मध्ये. नोव्हेंबर २०२३ मध्ये अराकान आर्मी या तिथल्या बंडखोर संघटनेनं राखाईनमध्ये पुन्हा लढाई सुरू केली, जानेवारी २०२४ मध्ये पलेत्वा घेतलं, आणि वर्षाच्या अखेरीपर्यंत राखाईनच्या १७ पैकी १४ तालुक्यांतून लष्कराला हुसकलं. सितवे शहर लष्कराकडे राहिलं. म्हणजे आपलं बंदर एकाच्या ताब्यात, नदी दुसऱ्याच्या.

समजा उद्या दिल्लीनं तुमचं ऐकून राष्ट्रीय एकता सरकारला, म्हणजे पदच्युत खासदारांनी एप्रिल २०२१ मध्ये स्थापन केलेल्या सरकारला, मान्यता दिली. सितवेतला बंदर अधिकारी लष्कराचा, तो आपल्याला बाहेर काढेल. पलेत्वातला कमांडर अराकान आर्मीचा, आणि अराकान आर्मी त्या सरकारचे हुकूम पाळत नाही. मिझोरामला लागून असलेल्या चिन टेकड्यांत वेगळेच गट, त्यांची आपसांत भांडणं. न्याय्य सरकारला मान्यता मिळेल, पण त्या सरकारचा माणूस त्या नाक्यावर उभा नसेल.

हे आपण एकदा करून पाहिलेलं आहे. १९८८ च्या उठावानंतर भारत उघडपणे लोकशाहीवाद्यांच्या बाजूनं उभा राहिला, आकाशवाणीच्या बर्मी सेवेवरून लष्करावर टीका व्हायची. लष्कर हललं नाही. चीनच्या मात्र आणखी जवळ गेलं. १९९३ मध्ये, पंतप्रधान नरसिंह रावच असताना, परराष्ट्र सचिव जे. एन. दीक्षित यांगूनला गेले आणि धोरण वळलं. ते वळण ईशान्येतल्या बंडखोरांमुळे गरजेचं होतं असं मला वाटतं. पुढची तीस वर्षं आपण एकाच दारावर टकटक करत राहिलो, ते मात्र जास्त झालं.

म्हणून माझं मत असं: नेप्यिडॉशी, म्हणजे राजधानीत बसलेल्या लष्कराशी, संबंध तोडू नका, पण फक्त नेप्यिडॉशी बोलू नका. अराकान आर्मी, चिन गट, एकता सरकार यांच्याशी लपूनछपून नव्हे, नेमलेल्या अधिकाऱ्यामार्फत, ऐझॉलमध्ये बसून नियमित बोला. लष्कर कुरकुर करेल. करू दे, त्यांनाही आपली गरज आहे. चीन हेच करतो, फक्त त्याच्या हाती आपल्यापेक्षा जास्त दोऱ्या आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये बंडखोरांनी चीनच्या बाजूच्या शान राज्यातलं लाशियो शहर आणि तिथलं लष्करी मुख्यालय घेतलं, चीननं सीमेवरचा व्यापार आवळला आणि एप्रिल २०२५ मध्ये तेच शहर लष्कराला परत मिळवून दिलं. आपल्याला तसं जमणार नाही, आणि जमावं अशी माझी इच्छाही नाही. शान राज्यातले लोक चीनला त्याबद्दल काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही.

सरकारशी माझं पटत नाही ते शस्त्रांवरून. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकानं मे २०२३ मध्ये दिलेल्या अहवालात सत्ता बळकावल्यानंतर म्यानमारच्या लष्कराकडे गेलेल्या शस्त्रांचा आणि लष्करी साहित्याचा हिशेब मांडला आहे. रशिया आणि चीनपुढे भारताचा वाटा लहान, सुमारे ५ कोटी १० लाख डॉलर. लहान असला तरी तो आपला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत म्यानमारवरचा ठराव १२ मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारत, चीन आणि रशिया तटस्थ राहिले. त्या तटस्थतेचं समर्थन मी करू शकतो: ठराव अडवला नाही आणि बोलण्याची वाटही बंद केली नाही. पण तटस्थ मत देणाऱ्याच्या कारखान्यातून एका बाजूला माल जात असेल तर त्या मताला कोण विचारतो? 'अलाबामा'ची गोष्ट मी त्यासाठीच सांगितली. हा पुरवठा पूर्ण थांबवायला ना मान्यता लागते, ना सैन्य, ना कुणाची परवानगी.

मदतीचंही तसंच. २८ मार्च २०२५ च्या भूकंपानंतर भारतानं मंडालेत लष्करी रुग्णालय उभारलं, काम उत्तम केलं. पण मंडाले लष्कराच्या ताब्यातलं. नदीपलीकडच्या सगाईंगमधल्या, प्रतिकार गटांच्या हातातल्या गावांत पोचायचं तर त्या गटांशी आधीपासून ओळख हवी. ती भूकंपाच्या दिवशी तयार होत नाही.

अशी ओळख प्रत्यक्षात कुणी जोडली असेल तर ती मिझोरामनं. मार्च २०२१ मध्ये गृह मंत्रालयानं ईशान्येच्या राज्यांना कळवलं की सीमेवरून येणारे लोंढे थांबवा. मुख्यमंत्री झोरामथांगांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं की हे आमचेच भाऊबंद आहेत, आम्ही पाठ फिरवू शकत नाही. तीस हजारांहून अधिक चिन लोक तिथं राहिले, त्यांची पोरं तिथल्या शाळांत बसली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तियाउ नदीपलीकडचं रिखाव्दार प्रतिकार गटांनी घेतलं तेव्हा पळून आलेले लष्कराचे सैनिकही मिझोराममध्येच सांभाळले गेले आणि मग परत पाठवले गेले. पुढे आणखी शेकडो आले. जानेवारी २०२४ मध्ये अशा सैनिकांना न्यायला आलेलं म्यानमारचं विमान ऐझॉलजवळच्या लेंगपुई धावपट्टीवरून घसरलं, त्यातल्या जखमींवर उपचारही तिथंच झाले. दोन्ही बाजूंच्या माणसाला सीमेवरच्या झोखाव्थार गावाच्या पुलावर पाणी मिळालं. भारत १९५१ च्या निर्वासित करारात नाही, त्यामुळे या लोकांना कायद्यानं काही दर्जा नाही. निदान एक नोंदपत्र, दवाखाना आणि काम करायची मुभा एवढं केंद्रानं दिलं तरी पुष्कळ. त्याऐवजी फेब्रुवारी २०२४ मध्ये सीमेवरची ये-जा बंद करायची घोषणा झाली.

इथं एक मर्यादा मान्य करतो. मिझोरामचा हा कित्ता मणिपुरात गिरवता येणार नाही. मे २०२३ पासून तिथं मैतेई आणि कुकी यांच्यात जे चाललं आहे त्यात सीमेपलीकडून आलेला प्रत्येक माणूस संशयित ठरतो, आणि हा संशय नुसता कल्पनेतला आहे असंही म्हणता येत नाही. तिथं नोंदणी कुणी करायची, कुणाच्या देखरेखीखाली, हे गृह खात्याचं दुखणं आहे आणि माझा अनुभव त्या बाजूचा नाही. त्या भागात पोलीस किंवा आसाम रायफल्समध्ये काम केलेल्या कुणाला तरी विचारा.